देठाचा सांधा आणि फाटे फुटलेला फुलोरा : टोमॅटोतील मॅड्स-बॉक्स जनुककुलाचे एक प्रकरण

पिकलेला टोमॅटो हाताने तोडला की फळासोबत त्याची हिरवी टोपी आणि देठाचा एक आखूड तुकडा येतो. देठ वाटेल तिथे तुटत नाही. त्याच्या साधारण मध्यावर एक फुगीर गाठ असते आणि फळ किंचित मुरडले की देठ नेमका त्या गाठीवर मोडतो. या गाठीच्या आत लहान आकाराच्या पेशींचे मोजके थर असतात. फळ पिकून तयार झाले किंवा फुलात फलन झाले नाही, की या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन विकरांच्या क्रियेने विरघळते आणि फळ किंवा फूल गळून पडते. रानटी टोमॅटोला बी पसरवण्यासाठी हा सांधा कामाचा असतो. लागवडीतल्या टोमॅटोत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हाच सांधा पैदासकारांच्या एका वर्गाला नकोसा झाला. तो काढून टाकण्याच्या प्रयत्नात त्यांच्यापुढे जे कोडे उभे राहिले, त्याचा उलगडा व्हायला सुमारे साठ वर्षे लागली.

त्या कोड्याचे उत्तर मॅड्स-बॉक्स नावाच्या एका जनुककुलात होते. या कुलातील दोन जनुकांमध्ये, वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या प्रदेशांत, दोन बदल घडले होते. दोन्ही बदल माणसाने उपयुक्त म्हणून जपले आणि दोन्ही एकेकटे निरुपद्रवी होते. एकाच झाडात ते एकत्र आले तेव्हा मात्र फुलोऱ्याचा तोल गेला. भाजीपाला पिकांत एखाद्या जनुकाला ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ असे लेबल लावण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती सवय का सोडावी, हे या प्रकरणाइतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

यंत्राची गरज आणि बिनसांध्याचा देठ

कॅलिफोर्नियात सॉस, प्युरी आणि डबाबंद टोमॅटोसाठी होणारी लागवड विस्तीर्ण क्षेत्रावर असते. तिथली तोडणी १९६० च्या दशकापर्यंत प्रामुख्याने मेक्सिकोतून येणाऱ्या हंगामी मजुरांवर अवलंबून होती. त्यांना आणणारी ब्रासेरो योजना १९६४ च्या अखेरीस बंद झाली. त्याआधीच डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पैदासकार जॅक हॅना आणि कृषी अभियंते कोबी लोरेन्झेन यांनी यंत्र आणि यंत्राला मानवेल असा वाण या दोहोंवर एकत्रच काम चालवले होते. हे यंत्र पूर्ण झाड बुंध्याशी कापते, उचलते आणि हलवून फळे वेगळी करते. त्यासाठी झाड बुटके हवे, फळे एकाच वेळी पिकायला हवीत आणि त्यांची साल दणकट हवी. बुटकेपणाची सोय १९१४ साली फ्लोरिडात सापडलेल्या, वाढ आपोआप आटोपती घेणाऱ्या ‘सेल्फ प्रूनिंग’ या उत्परिवर्तनाने आधीच करून ठेवली होती.

राहिला देठ. यंत्राने हलवल्यावर फळ सांध्यावर मोडते आणि टोपीसह देठाचा टणक तुकडा फळाला चिकटून राहतो. शेकडो क्विंटल फळे एकावर एक रचून ट्रकने कारखान्याकडे निघाली की हे तुकडे शेजारच्या फळांत घुसतात, साल फाटते, रस गळतो आणि सड सुरू होते. कारखान्यात पुन्हा ते तुकडे वेगळे करावे लागतात ते निराळेच. सांधाच नसेल तर फळ टोपीपासून सुटून स्वच्छ निघते आणि देठ झाडावरच राहतो. म्हणून बिनसांध्याच्या टोमॅटोला अचानक मोल आले.

असा टोमॅटो शास्त्रज्ञांना अनोळखी नव्हता. १९३६ साली बटलर यांनी ‘जॉइंटलेस’ हे अप्रभावी उत्परिवर्तन नोंदवले होते. त्याचे समयुग्मी झाड, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेले झाड, खरोखरच बिनसांध्याचे असते, परंतु त्याच्या फुलोऱ्याला एक खोड असते. मोजकी फुले आली की फुलोऱ्याचे टोक फुले देणे सोडून पुन्हा पानांच्या वाढीकडे वळते. उत्पादनाच्या दृष्टीने हा मोठाच तोटा होता. हे जनुक मॅड्स-बॉक्स कुलातले आहे, हे पुढे २००० साली ते वेगळे काढण्यात आले तेव्हा कळले.

दुसरा स्रोत आला तो पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस बेटांवरून. डेव्हिसचेच चार्ल्स रिक यांनी आपले आयुष्य टोमॅटोच्या रानटी नातलगांचा संग्रह करण्यात घालवले, आणि आज त्यांच्याच नावाने तिथे टोमॅटोचे जनुकीय संसाधन केंद्र आहे. गॅलापागोसच्या रानटी टोमॅटोचे बी त्यांच्याकडे सहजासहजी उगवेना. बेटावरच्या महाकाय कासवांच्या पोटातून गेलेले बी मात्र चांगले उगवते, हे त्यांनी रॉबर्ट बोमन यांच्यासह १९६१ साली दाखवले. थोडे विषयांतर होईल, पण ज्या बियाण्यातून पुढे एका उद्योगाचा प्रश्न सुटणार होता, त्याच्या उगवणीचा मार्ग कासवाच्या आतड्यातून जात होता हे ध्यानात ठेवावेसे वाटते. या बेटांवरील टोमॅटोत रिक यांना १९५६ च्या सुमारास बिनसांध्याचे दुसरे, स्वतंत्र उत्परिवर्तन आढळले. त्याला जे-२ हे नाव मिळाले. याच्या फुलोऱ्याला पाने फुटत नव्हती. म्हणून पैदासकारांनी पहिल्या स्रोताऐवजी याच्यावर भिस्त ठेवली.

कोडे

गॅलापागोसच्या झाडात जे-२ चे वागणे निर्दोष होते. तेच उत्परिवर्तन लागवडीतल्या वाणांत संकराने आणले की पुढच्या पिढ्यांत काही झाडे विचित्र निघत. टोमॅटोचा घोस सामान्यतः एकेरी असतो, म्हणजे एका अक्षावर नागमोडी वळणांनी फुले एकापुढे एक येतात. या झाडांचे घोस मात्र पुनःपुन्हा दुभंगत. एका फुलोऱ्यात असंख्य फुले येत, पण त्यांतली बहुतेक गळून जात आणि फळधारणा घटे. जी फळे धरत ती लहान राहत आणि आगेमागे पिकत. एकाच वेळी पिकण्यावर ज्या तोडणीची सारी मदार आहे, तिला असे झाड उपयोगाचे नव्हते.

काही संकरांत हा दोष दिसे, काहींत तो दिसत नसे. काही पैदासकारांनी पिढ्यानपिढ्या निवड करून, बिनसांध्याचे पण साध्या घोसाचे वाण मिळवलेदेखील. हे का जमले आणि इतरांना का जमले नाही, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. जे-२ लाच हा दोष जडलेला आहे, असे मानून अनेकांनी त्याचा नाद सोडला.

कुलाची ओळख

प्रतिलेखन घटक म्हणजे डीएनएवर विशिष्ट ठिकाणी बसून इतर जनुकांचे वाचन सुरू किंवा बंद करणारी प्रथिने. त्यांची अनेक कुले आहेत आणि मॅड्स-बॉक्स हे त्यांतले एक. त्याचे नाव चार प्रथिनांच्या आद्याक्षरांवरून १९९० च्या सुमारास रूढ झाले. यीस्टमधले एमसीएम-१, अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या छोट्या नातलगातले अगॅमस, स्नॅपड्रॅगन या फुलझाडातले डेफिशियन्स आणि माणसातले एसआरएफ ही ती चार प्रथिने. या कुलातील प्रत्येक प्रथिनात साधारण साठ अमिनो आम्लांचा एक जवळपास सारखा भाग असतो, आणि त्याच्या साहाय्याने ते डीएनएवरील ठरावीक अक्षरक्रम ओळखते. यीस्ट, वनस्पती आणि माणूस यांच्यात हा भाग टिकून आहे, यावरून त्याचे वय लक्षात यावे. सपुष्प वनस्पतींत मात्र या कुलाचा विस्तार फार झाला. टोमॅटोत त्याचे शंभराहून अधिक सदस्य आहेत.

या प्रकरणासाठी त्यांच्या वागण्यातली एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ही प्रथिने एकेकटी काम करत नाहीत. ती जोडीने, आणि फुलाच्या बाबतीत चौघांच्या गटाने डीएनएवर बसतात. निदल (टोमॅटोवरच्या हिरव्या टोपीचे एकेक पान), पाकळी, पुंकेसर की स्त्रीकेसर, हे त्या चौकडीत कोण कोण आहे त्यावरून ठरते. या चौकड्यांत जवळपास सर्वत्र लागणारा, इतरांना एकत्र बांधणारा घटक म्हणजे सेपालाटा उपकुलातली प्रथिने. अरॅबिडॉप्सिसमध्ये या उपकुलाची तीन जनुके एकत्र निकामी केली, तर फुलाचे सर्व भाग निदलांसारखे होतात, हे २००० साली दिसून आले होते. एकच जनुक निकामी केले तर मात्र फारसा फरक पडत नाही, कारण उरलेली भावंडे त्याची जागा भरून काढतात. एकमेकांची जागा भरून काढण्याच्या या गुणातच आपल्या कोड्याचे मूळ आहे.

अरॅबिडॉप्सिसमध्ये या उपकुलाच्या चौथ्या शाखेचे एकच जनुक आहे. टोमॅटोत त्याच शाखेची चार जनुके झाली आहेत. त्यांतले एक रिन, ज्याचा संबंध फळ पिकण्याशी आहे. दुसरे लिन. उरलेली दोन एकमेकांची सर्वांत जवळची भावंडे आहेत, आणि हे प्रकरण मुख्यतः त्या दोघांचे आहे.

शोध

न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत झॅकरी लिपमन यांचा गट टोमॅटोचा फुलोरा कसा आकार घेतो, याचा अभ्यास बराच काळ करत होता. फुलोऱ्याला अतिरेकी फाटे फुटण्याची काही कारणे त्यांनी २००८ सालीच शोधली होती. नंतर सेबास्टियन सोइक आणि सहकाऱ्यांनी चार हजारांहून अधिक रानटी आणि लागवडीतल्या टोमॅटोंच्या संग्रहातून फाटे फुटलेल्या घोसांची झाडे पुन्हा धुंडाळली. आधीच्या कारणांत न बसणारी काही झाडे त्यांना मिळाली. त्यांच्यात आणखी दोन लक्षणे समान होती. त्यांच्या देठाला सांधा नव्हता आणि त्यांच्या फुलांची निदले नेहमीपेक्षा लांब होती.

अशा झाडाचा सामान्य झाडाशी संकर केला तर त्या संकराच्या पुढच्या पिढीत काय अपेक्षित आहे, हे मेंडेलच्या गणिताने सांगता येते. दोष एकाच अप्रभावी जनुकामुळे असेल तर चारांत एक झाड दोषी निघेल. तो दोन अप्रभावी जनुकांच्या एकत्र येण्यावर अवलंबून असेल तर सोळांत एकच निघेल. इथे दुसरी शक्यता खरी ठरली. बिनसांध्याची पण साध्या घोसाची झाडे वेगळी मिळाली, लांब निदलांची पण साध्या घोसाची झाडे वेगळी मिळाली, आणि दोन्ही लक्षणे एकत्र आली तिथेच घोस दुभंगला. जनुकसंचाचे वाचन करून या दोन जागा निश्चित करण्यात आल्या. एक बाराव्या गुणसूत्रावर होती, दुसरी तिसऱ्यावर. दोन्ही ठिकाणी सेपालाटा उपकुलाच्या चौथ्या शाखेचे एकेक जनुक निघाले. हे काम २०१७ साली प्रसिद्ध झाले.

बाराव्या गुणसूत्रावरचे जनुक म्हणजे ज्याच्या बिघाडाने सांधा जातो ते, आणि त्यालाही जे-२ हेच नाव आहे. त्याची दोन वेगवेगळी बिघडलेली रूपे आढळली. एकात जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकल्या जाणाऱ्या भागात, ‘रायडर’ नावाचा, जनुकसंचात जागा बदलत फिरणारा तुकडा घुसलेला होता. दुसऱ्यात प्रथिन अर्धवट राहील असा अकाली थांबा तयार झाला होता. टोमॅटोच्या इतिहासात रायडरने बरीच उलथापालथ केली आहे, आणि लांबोळक्या आकाराच्या काही टोमॅटोंच्या मागेही तोच आहे.

तिसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकाला ‘जे-२ चे वर्धक’ या अर्थाने ईजे-२ असे नाव देण्यात आले. त्याच्या पाचव्या इंट्रॉनमध्ये ५६४ अक्षरांचा एक जादा तुकडा शिरला होता. त्यामुळे जनुकावरून आरएनए तयार होताना त्याची जोडणी चुकते आणि बराचसा आरएनए वाया जातो, मात्र थोडा आरएनए योग्य जुळून कामाचे प्रथिनही बनते. म्हणजे हे जनुक बंद पडलेले नाही, तर दुबळे झाले आहे. ‘थोडे तरी’ प्रथिन बनते, हा तपशील पुढे निर्णायक ठरणार आहे. हे दुबळे रूप रानटी पूर्वजांत नाही. टोमॅटो लागवडीखाली येत असताना ते उगवले आणि पसरले, आणि आज लागवडीतल्या असंख्य वाणांत आहे. मोठी, भरदार हिरवी टोपी लोकांना आवडली असावी किंवा वाढत्या आकाराच्या फळाला तिचा आधार उपयोगी पडला असावा, असे दोन तर्क केले जातात. मला त्यांतला कोणताही पुरेसा पटलेला नाही, पण निवड झाली हे मात्र उघड आहे.

आता कोडे आपोआप सुटते. जे-२ चे एक काम त्याचे एकट्याचे आहे, ते म्हणजे इतर मॅड्स-बॉक्स प्रथिनांच्या साथीने देठावर सांधा घडवणे. ईजे-२ चेही एक काम त्याचे एकट्याचे आहे, निदलांची लांबी आटोक्यात ठेवणे. तिसरे काम दोघांच्या सामाईक जबाबदारीचे आहे. टोमॅटोच्या फुलोऱ्यात वाढीचे टोक, म्हणजे तिथली विभाजी ऊती, स्वतः फूल होऊन संपते आणि तिच्या बगलेत पुढचे टोक उगवते. तेही फूल होते, पुन्हा नवे टोक उगवते, असा हा नागमोडी प्रवास असतो. टोकाने फूल व्हायला उशीर केला तर त्या उशिराच्या काळात बगलेत एकाऐवजी अधिक टोके उगवतात आणि घोस दुभंगतो. टोक वेळेवर फुलात रूपांतरित व्हावे याची काळजी जे-२ आणि ईजे-२ दोघेही घेतात. एक नसला तर दुसरा निभावून नेतो. गॅलापागोसमध्ये जे-२ नव्हता तेव्हा सुदृढ ईजे-२ होता. लागवडीतल्या वाणात ईजे-२ दुबळा होता तेव्हा जे-२ होता. पैदासकारांनी यंत्रासाठी जे-२ काढून घेतला आणि मागे राहिलेल्या दुबळ्या भावंडाला एकट्याने तो भार पेलवला नाही.

हा निष्कर्ष केवळ संकरांवर सोडलेला नाही. जनुक-संपादनाने, म्हणजे डीएनएत नेमक्या जागी फेरफार करून, ही जनुके एकेक आणि जोडीने निकामी करून पाहण्यात आली. जे-२ एकटे निकामी केले की देठाचा सांधा गेला, घोस साधा राहिला. ईजे-२ एकटे निकामी केले की निदले लांबली, घोस साधा राहिला. दोन्ही निकामी केली की घोसाला प्रचंड फाटे फुटले. त्यांच्यासोबत लिनही काढून घेतले तेव्हा फुलोऱ्यात नवनवी टोके उगवत राहिली आणि फुले जवळपास आलीच नाहीत. फूल होण्याची वाट पाहत साचलेल्या टोकांचा असा ढीग भाजीवाल्याकडे आपण रोज पाहतो, तो म्हणजे फुलकोबीचा गड्डा. तिथेही फुलाची ओळख ठरवणाऱ्या एका मॅड्स-बॉक्स जनुकाचे प्रथिन अकाली थांब्यामुळे अर्धवट राहते, हे १९९५ साली दिसून आले होते, आणि अरॅबिडॉप्सिसमधल्या त्याच्या भावंडाला कॉलिफ्लॉवर हेच नाव आहे. एका पिकात जे व्यंग ठरले, दुसऱ्यात तेच पीक ठरले.

मात्रेचा प्रश्न

इथवर हे प्रकरण दोषाचे आहे. त्यातला अधिक मोलाचा भाग मात्र पुढे येतो, आणि तो मात्रेविषयी आहे.

प्रत्येक झाडात ईजे-२ च्या दोन प्रती असतात. जे-२ पूर्ण निकामी असलेल्या झाडात ईजे-२ च्या दोन्ही प्रती सुदृढ असतील तर घोस साधा राहतो. दोन्ही दुबळ्या असतील तर तो बेसुमार फाटतो. एक सुदृढ आणि एक दुबळी असेल तर घोसाला एखाददुसराच फाटा फुटतो. अशा झाडात फुलांची संख्या वाढते, पण ती झाडाच्या पोसण्याच्या आवाक्याबाहेर जात नाही. म्हणजे ज्या गुणाला दोष म्हणून टाकून दिले होते, तोच योग्य मात्रेत उत्पादन वाढवण्याचे साधन होऊ शकतो. सोइक यांच्या गटाने नैसर्गिक आणि संपादित रूपांची वेगवेगळी जुळणी करून, साध्या घोसापासून अतिफाट्यांच्या घोसापर्यंत एक पूर्ण चढती श्रेणी तयार करून दाखवली. बाजारातला बहुतेक टोमॅटो पहिल्या पिढीचा संकरित असतो आणि त्याचे दोन पालक बियाणे उत्पादकाच्या हातात असतात. त्यामुळे एका पालकाकडून सुदृढ प्रत आणि दुसऱ्याकडून दुबळी प्रत देणे, ही व्यवहारात बसणारी गोष्ट आहे.

मात्रेचा हाच न्याय या शाखेच्या तिसऱ्या भावंडाच्या बाबतीत व्यापाराने फार आधी, कारण न कळताच, वापरला होता. १९६८ साली नोंदवलेल्या रिन उत्परिवर्तनात फळ पिकतच नाही. पण त्याची एकच प्रत असलेला संकरित टोमॅटो पिकतो आणि सावकाश पिकतो, म्हणून टिकाऊ वाणांत त्याचा उपयोग झाला. २००२ साली कळले की या उत्परिवर्तनात डीएनएचा एक तुकडा गळाल्यामुळे रिन आणि शेजारचे दुसरे मॅड्स-बॉक्स जनुक एकमेकांना जोडले गेले आहेत. रिन निकामी झाल्यामुळे फळ पिकत नाही, असे सर्वांनी गृहीत धरले. २०१७ साली जपानमधील संशोधकांनी जनुक-संपादनाने रिन खरोखर निकामी केले, तर फळ काही प्रमाणात पिकू लागले. म्हणजे जुने उत्परिवर्तन रिकामे नव्हते. दोन जनुकांच्या जोडातून बनलेले प्रथिन पिकण्याच्या आड सक्रियपणे येत होते. पंधरा वर्षे पाठ्यपुस्तकांत असलेले विधान त्यामुळे दुरुस्त करावे लागले. रिन टोमॅटोच्या पाचव्या गुणसूत्रावर आहे, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या टोमॅटोच्या संपूर्ण जनुकसंचाच्या आंतरराष्ट्रीय कामात त्याच पाचव्या गुणसूत्राची जबाबदारी भारतीय संस्थांनी पेलली होती, याचा उल्लेख इथे आवर्जून करतो.

पैदासकारांनी केले होते ते काय

एक प्रश्न अजून शिल्लक होता. ज्या पैदासकारांनी केवळ डोळ्यांनी निवड करत बिनसांध्याचे, पण साध्या घोसाचे वाण मिळवले, त्यांनी नेमके काय निवडले होते? सोपे उत्तर असे की त्यांनी ईजे-२ चे सुदृढ रूप परत आणले असेल. तपासल्यावर अनेक वाणांत तसे आढळले नाही. जे-२ बिघडलेले होते, ईजे-२ दुबळेच होते, आणि तरीही घोस साधा होता.

सोइक आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवले की यामागे फाटे दडपणाऱ्या दोन जागा आहेत. त्यांना एसबी-१ आणि एसबी-३ अशी नावे दिली गेली. एसबी-३ म्हणजे दुबळ्या ईजे-२ सह त्याच्या आसपासच्या सुमारे ८३ हजार अक्षरांच्या पट्ट्याची शेजारीच झालेली दुसरी प्रत. दुबळे जनुक थोडे तरी कामाचे प्रथिन बनवते, हे वर सांगितलेच आहे. तेच जनुक दोनदा असेल तर ते थोडे दुप्पट होते आणि जे-२ ची उणीव भरून निघते. जनुकाची दुरुस्ती झाली नव्हती, त्याची संख्या वाढली होती. शेतात उभे राहून चांगला घोस निवडणाऱ्या माणसाने हा बदल आपल्या नकळत उचलला होता, आणि त्याच्या नजरेबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

एसबी-१ चा उलगडा २०२० साली झाला. ही जागा पहिल्या गुणसूत्रावर आहे आणि तिथे मॅड्स-बॉक्स कुलाच्याच, पण निराळ्या शाखेतील दोन जनुके शेजारी शेजारी आहेत. त्यांतल्या एसटीएम-३ या जनुकाची काही वाणांत एक जादा प्रत आहे. जादा प्रत असलेल्या वाणात बिघडलेले जे-२ आणि दुबळे ईजे-२ एकत्र आले की फाटे वाढतात, जादा प्रत नसलेल्या वाणात ते आटोक्यात राहतात. संपादनाने एसटीएम-३ निकामी केले तेव्हाही फाटे कमी झाले. हे बदल इतकी वर्षे दृष्टीआड राहण्याचे एक कारण तांत्रिक होते. डीएनएचे आखूड तुकडे वाचून ते जुळवण्याच्या पद्धतीत एकसारख्या दोन प्रती एकावर एक बसून एकच भासतात. लांब तुकडे सलग वाचण्याची पद्धत हाती आल्यावरच १०० टोमॅटोंच्या जनुकसंचांची तुलना करता आली. त्या तुलनेत असे २,३८,४९० रचनात्मक बदल, म्हणजे डीएनएचे तुकडे शिरणे, गळणे किंवा दुप्पट होणे, नोंदवले गेले, आणि या जागेचे कोडे त्याच कामात सुटले.

आता पूर्ण हिशोब मांडता येतो. रायडर घुसल्याने बिघडलेले जे-२, जादा तुकड्याने दुबळे झालेले ईजे-२, त्याच ईजे-२ ची झालेली दुसरी प्रत, आणि एसटीएम-३ च्या प्रतींची संख्या, असे तीन जनुकांमधले चार बदल एकत्र जुळले तेव्हा यंत्राने तोडता येईल असा बिनसांध्याचा टोमॅटो शेतात टिकला. चारही बदल रचनात्मक आहेत. त्यांतला एकही एका अक्षराच्या फेरफाराचा नाही. डीएनएतल्या एकेका अक्षराच्या फरकांवर आधारलेल्या खुणा वापरून या वाणांचा अभ्यास करणाऱ्याला हे चित्र पूर्ण दिसणे कठीण होते.

आपल्या शेतासाठी याचा अर्थ

महाराष्ट्रातला टोमॅटो मुख्यत्वे ताज्या बाजारासाठी होतो. जुन्नर भागात नारायणगाव आणि नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत ही त्याची मोठी विक्रीकेंद्रे आहेत. पीक तार-काठीवर चढवलेले असते, तोडणी हाताने आणि अनेक वेळा होते आणि माल वीस किलोच्या कॅरेटमध्ये जातो. अशा तोडणीत सांधा अडचणीचा नाही, उलट सोयीचा आहे, कारण तो नेमक्या जागी मोडतो आणि फळाची हिरवी टोपी शाबूत राहते. टोपी हिरवीगार असेल तर माल ताजा, असे घेणाराही मानतो. त्यामुळे कॅलिफोर्नियाची गरज जशीच्या तशी इथे आणण्यात अर्थ नाही. मात्र जे-२ आणि ईजे-२ यांच्या मात्रेने घोसातील फुलांची संख्या नियंत्रित करता येते, ही गोष्ट हाताने तोडल्या जाणाऱ्या पिकालाही लागू आहे, विशेषतः लहान फळांच्या चेरी प्रकारात, जिथे घोस मोठा झाला तरी फळ पोसण्याचा ताण तुलनेने कमी असतो.

प्रक्रियेसाठी वेगळा वाण घडवायचा झाल्यास मार्ग दोन आहेत. जुना मार्ग म्हणजे बिनसांध्याच्या वाणाशी संकर आणि निवड. त्यात आता पालक निवडतानाच ईजे-२ कोणत्या रूपात आणि किती प्रतींत आहे, तसेच एसटीएम-३ च्या प्रती किती आहेत, हे खुणांच्या साहाय्याने पाहता येते. त्यामुळे पूर्वी ज्या संकराचा निकाल पिढ्यांनंतर कळायचा, तो रोपवाटिकेतच कळू शकतो. नवा मार्ग म्हणजे स्थानिक चांगल्या वाणातच जे-२ थेट संपादनाने निकामी करणे. परके डीएनए शिल्लक न ठेवणाऱ्या अशा संपादनाला भारतात मार्च २०२२ च्या केंद्रीय निर्णयानुसार जनुकीय सुधारित पिकांच्या कठोर नियमांतून सूट मिळू शकते. दोन्ही मार्गांत सुरुवात मात्र एकाच तपासणीने करावी लागेल. ज्या वाणात जे-२ काढायचे आहे, त्याच्या फुलांची निदले आधी मोजून पाहावीत. ती लांब असतील तर तिथले ईजे-२ बहुधा दुबळे आहे, आणि जे-२ ला हात लावण्यापूर्वी त्याची सोय करणे भाग आहे.